लू लागलेला मामा

माझ्या भावाचे कान लाल झाले की आमच्या घरात कांदा फुटायचा. फोडायची ती काकू. उंबरठ्यावर कांदा ठेवायचा, वरून मुठीचा एक ठोसा, की झाला औषधाचा डोस तयार. एक फोड त्याच्या नाकाशी, दोन फोडी तळपायांवर घासायला आणि उरलेला रस छातीला. मे महिन्यात खिशात कांदा न ठेवता बाहेर पडणाऱ्या माणसाला आमच्या रायपुरात लोक अजूनही अडाणी समजतात, त्यामुळे या उपचाराबद्दल कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. कान लाल झाले, लू लागली, म्हणजे ऊन बाधलं. घाम फुटला, लू लागली. बोलेनासा झाला, मग तर लूच. माझ्या भावाला जानेवारीतही लू लागायची, अंगात स्वेटर असताना, आणि आमच्या घरातल्या दहा-बारा शहाण्या माणसांपैकी एकालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही. त्या दहा-बारांत मीही होते.

कांद्यानंतर डोक्यावर ओला टॉवेल. मग कूलर ओढत आणून थेट त्याच्या तोंडासमोर. आमचा कूलर म्हणजे पत्र्याची पेटी आणि आत पिठाच्या गिरणीचा आवाज. मग सगळे त्याच्याभोवती कडं करून उभे. "काय होऊन राहिलं रे तुले?" "चक्कर येऊन राहिली काय?" "बोल ना रे बापा, काहून बोलत नाही?" तो डोळे मिटायचा, कानांवर हात ठेवायचा. हात ठेवले की आम्ही ते ओढून काढायचो, कारण कानांना वारा लागला पाहिजे. एकदा तो काकूच्या नव्याकोऱ्या लुगड्यावर भडभडून ओकला. काकू विजयी मुद्रेनं आमच्याकडे बघून म्हणाली, "पाहा, निघाली लू."

हा भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. आता सत्तेचाळीस. लग्न केलं नाही. रेल्वेच्या एका ऑफिसात जुने नकाशे सांभाळायचं काम करतो, आणि तिथे त्याच्या वाटेला कुणी जात नाही, कारण पन्नास वर्षांपूर्वीच्या पुलाचा कागद कुठल्या कपाटात आहे हे फक्त त्यालाच ठाऊक. तात्यापारा मोहल्ल्यात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर तो राहतो. खाली मी, माझा नवरा आणि आमची एकुलती एक मुलगी. काकू दोन गल्ल्या सोडून राहते, पण कांदा फोडायची वेळ आली की ती आमच्या दारात आधी आणि बातमी नंतर.

माझ्या सासरच्या लोकांत भावाचं नाव 'हेल्मेटवाले मामा' असं पडलं, त्यालाही दहा वर्षं झाली. नणंदेच्या मुलाचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा, पंडरीजवळच्या एका हॉटेलात. हॉल लहान, भोंगे मोठे. अर्ध्या तासात भाऊ गायब. शोधत शोधत खाली गेलो, तर साहेब पार्किंगमध्ये आपल्या स्कूटरवर बसलेले, डोक्यात हेल्मेट, काच खाली, स्कूटर स्टँडवर. हाक मारली तर उत्तर नाही. नणंदेच्या नवऱ्यानं ताबडतोब निदान केलं, "पिऊन आला आहे." खात्री करायला हेल्मेटची काच वर करून वास घेतला, तर भसकन कांद्याचा वास आला. काकूनं निघताना त्याच्या खिशात कांदा कोंबला होता, तो बसून बसून चेपला होता. नणंदेचा नवरा म्हणाला, "पाहा ना, चखन्यातला कांदाही अजून तोंडात आहे." माझ्या भावानं आजवर बाहेरचा चहासुद्धा घेतलेला नाही. पण मी तिथे काही बोलले नाही. उलट घरी आल्यावर त्यालाच झापलं, "चारचौघात माही इज्जत काढली तू."

तो फक्त "हव" म्हणाला. इथे होकाराला सगळेच हव म्हणतात, पण त्याचा हव त्या दिवशी फार लांबून आल्यासारखा आला. ते मला कळलं होतं, पण रागावलेल्या माणसाला कळलेलं वळत नाही.

त्याला डॉक्टरकडे नेलं ते माझ्या मुलीनं, तीन वर्षांपूर्वी. ती तेव्हा तेवीस वर्षांची. आमची पोट्टी मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीत देते, इथल्या सगळ्याच पोरांसारखी. महिना-दोन महिने ती रोज मोबाईलवर काहीतरी वाचत बसायची, जेवतानासुद्धा. मी म्हटलं, एखादा मुलगा असेल. एक दिवस म्हणाली, "आई, मामा को लू नहीं लगती।" मी म्हटलं, मग काय लागते? तर म्हणाली, "आप चलो मेरे साथ। और प्लीज़, वहाँ कांदा लेके मत आना।"

डॉक्टरच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. मध्ये भाऊ, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. डॉक्टर बाई तरुण होत्या आणि हळू बोलत होत्या. त्यांनी ऑटिझम हा शब्द उच्चारला तेव्हा मी म्हटलं, "तो तर लहान मुलांना असतो." त्या म्हणाल्या, "लहान मुलं मोठी होतात." मग त्यांनी समजावून सांगितलं की आवाज, उजेड, वास, स्पर्श हे आपल्या डोक्यात गाळून जातात, काही माणसांच्या मात्र सगळं न गाळता एकदम आत येतं. आत मावेनासं झालं की आधी शरीर बोलतं, तोंड नंतर, आणि कधी कधी तोंड बोलतच नाही. प्रत्येकाचं शरीर वेगळं बोलतं. कुणाला घाम फुटतो, कुणी लाल होतं, कुणी येरझारा घालतं, कुणी थिजतं, कुणी नुसतं हसत राहतं. त्या भावाला प्रश्न विचारत होत्या, आणि तो उत्तर द्यायच्या आधीच माझी मुलगी मान हलवत होती. मला वाटलं, मामाला मदत करते आहे.

मी विचारलं, "आणि कांदा?"

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून बोलला. "चाळीस वर्षं," तो म्हणाला, "दोन्ही पायाले."

बाहेर आल्यावर मला हसू फुटलं, आणि रिक्षात बसेपर्यंत त्याचं रडं झालं. बुडणाऱ्या माणसाच्या अंगावर आम्ही चाळीस वर्षं बादल्या ओतल्या होत्या, तेही प्रेमानं. मला लाज वाटली. अजूनही वाटते.

नंतर मराठीत वाचायला घेतलं, तर तिथे 'स्वमग्न' असा शब्द सापडला. हा शब्द ज्यानं काढला त्यानं माझ्या भावाला पाहिलेलं नसावं. आमच्या घरात स्वतःत मग्न होते ते आम्ही सगळे. त्या बिचाऱ्याला तर बूढ़ापाऱ्याच्या तलावावरच्या भेळवाल्याची घंटासुद्धा सोडत नाही.

मी एका सरकारी ऑफिसात आवक-जावक बघते. येणारं टपाल एका रजिस्टरात, जाणारं दुसऱ्यात. एकतीस वर्षं हेच केल्यामुळे मला दुसऱ्या कुठल्याही पद्धतीनं विचार करता येत नाही. मी एक कोरं रजिस्टर घरी आणलं, मध्ये रेघ मारली, डावीकडे लिहिलं 'आवक' आणि उजवीकडे 'जावक'. आवक म्हणजे भावाच्या अंगावर काय काय येऊन पडलं, आणि जावक म्हणजे त्याच्या अंगावर काय दिसलं. पहिल्याच आठवड्यात मला घेरी यायची बाकी राहिली. आवक: मिक्सर, कुकरच्या शिट्या, शेजारचं बांधकाम, फोडणीचा ठसका, नवी ट्यूबलाइट. जावक: पापण्या लवत नाहीत. उजवा अंगठा तर्जनीच्या टोकावर फिरतो आहे. खांदे कानांकडे चढले. मानेवर लाल चट्टे. उत्तरं 'हव'वर आली. मग हवही बंद. नजर दारावर.

कान सगळ्यात शेवटी लाल होत होते. म्हणजे आम्ही इतकी वर्षं आग लागून घर जळाल्यावर धूर कुठून येतोय ते बघत होतो. अंगठा फिरायला लागल्यापासून कान लाल होईपर्यंत चांगली वीस-पंचवीस मिनिटं हातात असत. तेवढ्यात मिक्सर बंद केला, ट्यूबलाइट मालवली आणि कुणी एक शब्द विचारला नाही, तर कान लालच होत नसत. गडी उठून शांतपणे वर निघून जाई आणि तासाभरानं भाकरीला काय आहे विचारत परत येई.

नवं शहाणपण आलेल्या माणसासारखा उपद्रवी प्राणी दुसरा नाही. मी जेवताना, टीव्ही बघताना त्याच्या कानांकडे टक लावून बसू लागले. कुणी चमचा पाडला की चष्मा सावरून त्याच्या अंगठ्याकडे बघायचं. एक दिवस त्यानं ताट सरकवलं आणि म्हणाला, "ताई, तू माह्याकडं पाहू नको. तुह्या पाहण्याचाही आवाज होते."

हे मी रजिस्टरात आवक खाली लिहिलं: ताईचं पाहणं.

मुलीचं लग्न ठरलं, तारीख निघाली गेल्या मे महिन्यातली. मुलगा दुर्गचा, सालस, तिच्याच ऑफिसातला. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग प्रश्न आला मामाचा. आमच्यात मुलीला मंडपात आणायचं ते मामानं. गुरुजी माईकवरून हाक देतात, मामा मुलीला घेऊन येतो, अंतरपाटाच्या अलीकडे उभी करतो. तेवढं एकच काम, पण भरल्या मांडवात, चारशे माणसांसमोर. माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं की नागपूरचा माझा चुलतभाऊ आहेच की, तोही मामाच, रुबाबदार दिसतो, मोठ्यानं हसतो. "हेल्मेट घालून पोरीले मंडपात आणलं त् दुर्गवाले काय म्हणतीन?" तो चुकीचं बोलत होता असं नाही. मीही मनातून घाबरलेच होते. पण मुलीनं भाजीची वाटी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "मामा नहीं लाएँगे तो मैं मंडप में नहीं आऊँगी।"

ती कधी हट्ट करणारी मुलगी नव्हतीच. लग्नकार्यात तर आमची पोट्टी आदर्श. एका जागी बसणार, सगळ्यांकडे बघून गोड हसणार, कुणी गाल ओढला तरी हसणार. फक्त जांभया फार द्यायची, आणि कार्य आटोपून घरी आलो की दोन-दोन दिवस झोपून काढायची. काकू तिला 'झोपाळू' म्हणायची, मी 'आळशी' म्हणायचे. अशा पोरीनं पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी नवऱ्याला सांगून टाकलं की मामा हाच, आणि त्याला मंडपापर्यंत धडपणे पोहोचवायची जबाबदारी माझी.

मग मी मोहीम आखली. मुहूर्त सकाळी अकरा चाळीसचा. भावानं लग्नाच्या भवनात यायचं ते मुहूर्ताच्या फक्त अर्धा तास आधी, मागच्या दारानं. त्याचा कुडता दहा वेळा धुऊन मऊ केलेला. कानात घालायची बोंडं. स्वयंपाकघराच्या उलट्या बाजूला गाद्या-तक्के ठेवायची एक खोली होती, अंधारी, चारी भिंतींना गाद्या लावलेल्या. तिची किल्ली मी भवनाच्या मॅनेजरच्या डोक्यावर बसून मिळवली आणि भावाच्या हातात दिली. गरज पडली तर म्हणून हेल्मेट पिशवीत घालून आणलं. काकूला बजावलं, कांदा आणलास तर जेवायला पंगतीत बसवणार नाही. दुर्गवाल्यांना हात जोडून सांगितलं, बाकी काही करा पण धुमाल आणू नका.

त्यांनी धुमाल आणला. धुमाल म्हणजे आख्ख्या गाडीवर ढोल, ताशे, कीबोर्ड आणि चहूबाजूंनी भोंगे, ज्याच्या ठोक्यानं पोटातलं पाणी हलतं. तो थेट भवनाच्या दारात येऊन उभा राहिला. आत आठ कूलर. त्यात फोटोवाल्यांचे दिवे, गजरे, अत्तराचे फवारे आणि चारशे माणसं एकमेकांना ऐकू यावं म्हणून ओरडत होती. मीसुद्धा दोनदा कानांवर हात ठेवले. पण माझं सगळं लक्ष भावाकडे. अंगठा? फिरतोय, पण हळू. खांदे? जागेवर. कान? साधे, गव्हाळ कान. मला इतका आनंद झाला की नवऱ्याला कोपरानं ढोसून दाखवले. जगात एखाद्या माणसाच्या कानांकडे बघून त्याची बहीण अशी हरखली असेल असं मला वाटत नाही.

मुलीच्या खोलीतही मी एकदा डोकावले होते. आरशासमोर बसली होती, कपाळावर मुंडावळ्या, हातभर हिरव्या बांगड्या, भोवती सात-आठ जणी. गोड हसत होती. एक जांभई दिली. मी म्हटलं, "झोप नाही झाली वाटते रात्री," सगळ्या जणी हसल्या, आणि मी परत भावाचे कान बघायला धावले.

गुरुजींनी माईक हातात घेतला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." भाऊ उठला, मुलीच्या खोलीकडे गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. छान ताठ चालत होता.

पाच मिनिटं झाली. "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या." दहा मिनिटं झाली. गुरुजींनी घड्याळ बघितलं. माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात नागपूरचा चुलतभाऊ आख्खा उभा होता. मी पिशवीतलं हेल्मेट उचललं आणि शालू सावरत पळत सुटले.

खोलीत नवरी नव्हती, मामाही नव्हता. मेकअपवाली म्हणाली, "भैया आए, दीदी को देखा, और बिना कुछ बोले उधर ले गए।" मागून काकूचा आवाज आला, "माय व! मामानं नवरी पयवली?"

गाद्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ढकललं. आत अंधार, दारातून गेला तेवढाच उजेड. माझी मुलगी गाद्यांच्या दोन थप्प्यांच्या मध्ये जमिनीवर बसली होती, डोकं गुडघ्यांत. कानात भावाची बोंडं. मुंडावळ्या, हार, बांगड्या, पैंजण, सगळं काढून बाजूला एका तक्क्यावर ओळीनं मांडून ठेवलेलं. भाऊ तिच्याकडे पाठ करून, दोन हात लांब, भिंतीकडे तोंड करून बसलेला.

"काय झालं इले?" मी म्हटलं. "कोणी काही बोललं काय? घाबरली काय व तू? लू त् नाही..."

हे माझ्या तोंडून निघालं. तीन वर्षं रजिस्टर लिहिणाऱ्या बाईच्या तोंडून. आणि त्याच क्षणी माझ्या खांद्यावरून काकूचा हात पुढे आला. हातात कांदा, फोडलेला.

"कांदा बाहेर," भाऊ न वळता म्हणाला. काकू बाहेर गेली. मग तो मला म्हणाला, हळू आवाजात, "तिच्या पायाची बोटं पाह्य."

मी पाहिलं. दहाही बोटं आत वळलेली, इतकी घट्ट की मेंदीच्या मधली कातडी पांढरी पडली होती.

"पण आत्ता त् हसून राहिली होती रे!"

"म्हणूनच त्," तो म्हणाला. "लय झालं की हसते ते. मंग जांभया देते. मंग बोटं. लहानपणापासून. तुले दिसलं नाही काय?"

मला दिसलं नव्हतं. सव्वीस वर्षं माझ्या घरात, माझ्या ताटाशेजारी, माझ्या मांडीवर. त्याचे कान लाल होत, म्हणून आम्ही निदान कांदा तरी फोडला. ही हसायची, म्हणून आम्ही तिचे फोटो काढले. आणि मग मला डॉक्टरच्या खोलीतल्या तीन खुर्च्या आठवल्या. त्याच्या आधी हलणारी तिची मान आठवली. जेवताना मोबाईलवर वाचत बसायची ती. ती मामासाठी वाचत नव्हती.

मी तिला जवळ घ्यायला वाकले, आणि मध्येच थांबले. कसं कोण जाणे, पण थांबले.

"किती वेळ?" मी भावाला विचारलं.

"धुमाल बंद केला त् पंधरा मिनिटं. नाही केला त् सांगता येत नाही."

"मी बाहेर काय सांगू?"

भावानं विचार केला. त्याला खोटं बोलता येत नाही, त्यामुळे त्याला वेळ लागला. "सांग, मले लू लागली," तो म्हणाला. "साऱ्याइले पटते."

मी बाहेर आले आणि मंडपात जाऊन मोठ्यानं जाहीर केलं की मुलीच्या मामाला लू लागली आहे. आणि काय सांगू, एका माणसालाही आश्चर्य वाटलं नाही. माझ्या सासरच्या लोकांनी माना डोलावल्या, हेल्मेटवाले मामाच ते. काकूनं सर्वांना सांगितलं की तिनं वेळेवर कांदा आणला होता पण ऐकतो कोण. नंतर मी दारात गेले आणि धुमालवाल्याच्या गाडीसमोर उभी राहिले. तो म्हणाला, "दीदी, पैसा पूरा दिन का है।" मी म्हटलं, "मग दिवसभर उभा राहा, पण वाजवलास तर आधी माझ्या अंगावरून गाडी घाल." माझ्या हातात अजून हेल्मेट होतं. त्यानं हेल्मेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भोंगे बंद केले. कूलर मी एकेक करून स्वतःच्या हातानं बंद केले. चारशे माणसं मे महिन्यात घामानं निथळत मला शिव्या घालत होती. घालू दे म्हटलं.

मुहूर्त टळला. गुरुजींनी पंचांगातून दुसरा काढला, गुरुजींना तो नेहमीच सापडतो. बाराच्या सुमाराला मामा मुलीला घेऊन आला. मुंडावळ्या नव्हत्या, हातात दोन-दोनच बांगड्या होत्या. त्यानं तिचं कोपर घट्ट धरलं होतं, आणि दोघं समोर न बघता जमिनीकडे बघत, अगदी सारख्या पावलांनी चालत आली. बायका म्हणाल्या, काय लाजते आहे पोरगी. ती या वेळी हसत नव्हती. मी तिच्या पायांकडे पाहिलं. बोटं सरळ होती. मग भावाकडे पाहिलं, तर त्याचे कान लालभडक झाले होते. माझ्या मुलीला अंतरपाटापाशी सोडून तो मागच्या दारानं निघून गेला. मी त्याच्या मागे गेले नाही, कुणाला जाऊ दिलं नाही.

निरोपाच्या वेळी सगळ्या आयाबाया तिच्या गळ्यात पडायला सरसावल्या. मी पुढे होऊन तिला विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "मिठी मारू काय तुले?"

"अभी नहीं, आई," ती म्हणाली. "बाद में।"

मी दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी राहिले. नणंद अजून सांगत फिरते की वहिनीच्या डोळ्यांत टिपूस नव्हता, दगडाचं काळीज आहे बाईचं. त्या हातांना काय वाटत होतं ते नणंदेला सांगण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुर्गहून जावयाचा फोन आला. मुलगी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून झोपून आहे, उठते, पाणी पिते, परत झोपते. त्याला कारण माहीत होतं, तिनं त्याला लग्न ठरायच्या आधीच सगळं सांगितलं होतं. पण त्याची आई ऐकत नव्हती. घर पाहुण्यांनी भरलेलं, सगळे खोलीत येऊन डोकावत होते. "आई म्हणते, लू लागली असेल," तो म्हणाला. मागून मला ठप्प असा आवाज ऐकू आला. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. उंबरठ्यावर कांदा फुटल्याचा.

"फोन विहीणबाईंना द्या," मी म्हटलं.

विहीणबाई आल्या. मी त्यांना सांगितलं, कांदा भाजीत टाका. खिडकीचा पडदा ओढा, दार लोटा, पाहुण्यांना दुसऱ्या खोलीत बसवा, आणि तिला काही विचारू नका. ती आपणहून उठेल आणि भूक लागली म्हणेल. मग त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरीच काळजी होती, "पण ताई, झालं काय आहे तिले?"

"ते ती सांगेल, तिला वाटेल तेव्हा," मी म्हटलं. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मी तिची आई आहे, मलासुद्धा सव्वीस वर्षं दिसलं नाही."